फोटो क्रमांक सतरा

५ जानेवारी २०२५, रविवार

सोसायटीने सभासदांना दिलेली डायरी यंदा वेळेवर मिळाली. पहिले चार दिवस लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आज घडलं.

ज्ञानदाला बघायला नेवाशाची मंडळी आली होती. हा अकरावा कार्यक्रम. मुलाने पोहे दोनदा घेतले, म्हणून मला आशा वाटली होती. चार वाजता मुलाच्या मामांचा गाडीतूनच फोन आला. "भागवत सर, मुलगी लई गुणाची हाय. पर अंगानं जरा..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. एकतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवल्यामुळे गाळलेल्या जागा भरायची मला सवय आहे.

निवृत्तीनंतर इथे काष्टीत घराच्या पुढच्या खोलीत मी सुयोग वधू-वर सूचक मंडळ चालवतो. आजवर एकशे बारा लग्नं जमवली. घरातलं एक राहिलं आहे. ज्ञानदाला एकतिसावं संपलं, सरकारी उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे, स्वभाव शांत. लोक मला तोंडावर काही बोलत नाहीत, पण फॉर्म भरताना आतल्या दाराकडे बघतात. मला त्याची फार लाज वाटते.

कप विसळताना ज्ञानदा म्हणाली, "नाना, हे चांगले कप आता खालच्या फळीवरच ठेवू का? दर वेळी स्टूल घ्यावं लागतं."

सूचना व्यवहार्य आहे. कप खाली ठेवले.

८ जानेवारी

पेपरच्या पुरवणीत एक लेख आला आहे. परदेशात कुठल्याशा विद्यापीठात लोकांना वेगवेगळ्या वजनाच्या माणसांची चित्रं दाखवून गुण द्यायला लावले. नाक, डोळे, रंग यांपेक्षा वजनाचाच परिणाम जास्त, असं निघालं. कात्रण कापून ठेवलं.

आपल्या बायोडाट्यात उंची असते, रंग असतो, रास, नाडी, मामाचं गाव असतं. वजन कुठेच नसतं. म्हणजे मुख्य प्रश्नच पत्रिकेतून वगळलेला आहे. एकशे बारा लग्नं मी अंदाजाने जमवली असं आता म्हणावं लागेल.

ठरवलं. आपल्या तालुक्यापुरतं हे संशोधन मी करणार. किती किलोने किती फरक पडतो हे एकदा आकड्यात कळलं, की ज्ञानदाचं काय करायचं तेही कळेल.

१२ जानेवारी, रविवार

मंडळाच्या फॉर्ममध्ये वजनाचा रकाना छापून घेतला. शंभर प्रती. काट्यासाठी रामहरीला सांगितलं. तो कांदा मार्केटला मापाडी आहे, स्वतःचा इलेक्ट्रॉनिक काटा बाळगतो. माझा जुना विद्यार्थी. दहावीला गणितात अडतीस. अंगाने काडी, वय तेहतीस. मंडळात दोन वर्षांपासून त्याचं नाव आहे, क्रमांक ४१, वर्ग क (बेताची कमाई). मी त्याला आजवर नऊ स्थळं दाखवली, नऊही त्याने नाकारली. नकार द्यायला मात्र दर वेळी स्वतः येतो, फोन करत नाही. शिस्तीचा मुलगा आहे.

सकाळी चार मुलींचे पालक आले. पैकी एक काट्याकडे बघून म्हणाले, "सर, आमची पोरगी काय बोकड हाय का?" आणि चहा न घेता गेले. शिंगणापूरच्या एका गृहस्थांना फोनवर वजन विचारलं. ते म्हणाले, "आमच्या गावात घराला दार न्हाई, पर पोरीचं वजन काय आमी चारचौघांत सांगत न्हाई." एकूण मोजणी शून्य.

सुट्टी असूनही लसीकरणाच्या फेरीला गेलेली ज्ञानदा दुपारी लशीची पेटी घेऊन आली. काटा चाचणीसाठी तरी वापरावा म्हणून तिला उभं राहायला सांगितलं. ती पेटी खाली ठेवून राहिली. मी चष्मा लावेपर्यंत रामहरीने आकड्यावर तळहात ठेवला.

"हात काढ. नोंद घ्यायची आहे."

"सर, काटा झिरोला नव्हता."

काटा त्याचा, त्यामुळे त्याचं म्हणणं मान्य करावं लागलं. ज्ञानदा हसत आत गेली. कशाला हसली ते समजलं नाही. शेवटी उपकेंद्राच्या तपासणी कार्डावरून तिचं वजन उतरवून घेतलं. ८१ किलो.

१९ जानेवारी, रविवार

पद्धत बदलली. वजन सांगायला कुणी तयार नाही, पण फोटो सगळ्यांचे मंडळात आहेतच. वजन मी आणि सौ. मिळून अंदाजाने लिहू. (सौ.ला फक्त "ही किती असेल?" असं विचारलं. कारण सांगितलं नाही.) चोवीस मुलींचे फोटो निवडले, नावं काढली, नुसते क्रमांक दिले आणि स्टुडिओतून एकाच मोठ्या कागदावर छापून आणले. लग्नाळू मुलांनी प्रत्येक फोटोला दहापैकी गुण द्यायचे. फॉर्मवर नाव नाही. घडी घालून डब्यात टाकायचा.

ज्ञानदाचा फोटो घ्यावा की नाही यावर दोन दिवस विचार केला. बोर्डाचा नियम आहे, स्वतःच्या पाल्याचा पेपर आपण तपासायचा नाही. मी मॉडरेटर असताना ज्ञानदा दहावीला होती, त्या वर्षी मी लेखी कळवून काम सोडलं होतं. पण इथे गुण मी देत नाही. म्हणजे नियमाला बाधा येत नाही. तिच्या मावसबहिणीच्या लग्नातला जांभळ्या साडीतला फोटो घेतला. त्यात ती हसते आहे. क्रमांक सतरा.

रामहरीने कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "सर, हा सतरा नंबर काढा."

"का?"

"लई लांबनं काढलाय फोटो."

मी पट्टीने मोजून दाखवलं. बाकीच्यांइतकाच आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

दोन रविवारांत चाळीस फॉर्म झाले. रामहरीनेही एक भरला, म्हणजे संख्या पूर्ण झाली. गुण देणाऱ्यांचंही वजन मी काट्यावर करून घेतलं. लेखात ते नव्हतं, ही माझी भर. मुलांची सरासरी ७९ किलो निघाली. एक जण शंभरला टेकला होता, खाली उतरल्यावर धाप लागली म्हणून बसला आणि बसल्या बसल्या चोवीसपैकी एकोणीस मुलींना तीनच्या आत गुण दिले. बायोडाट्यात त्याने अपेक्षेसमोर "सडपातळ" लिहिलं आहे.

एक फॉर्म सदोष आहे. डब्यातून काढताना त्याला तेवीस नंबर पडला. भरणाऱ्याने फक्त फोटो सतराला दहा गुण दिले आहेत आणि बाकी तेवीस रकाने कोरे सोडले आहेत. खाली शेऱ्यात लिहिलं आहे, "बाकीचं मला काय सांगता येत नाही." सूचना ठळक अक्षरात छापूनही मुलं वाचत नाहीत. शून्याला वर शेपूट आहे, बाजाराच्या चिठ्ठीवर काढतात तसं. फॉर्म बाद केला. अशा एका पेपरमुळे सगळी सरासरी बिघडते, हा मॉडरेशनचा अनुभव आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

निकाल लागला. आलेखाच्या कागदावर बिंदू मांडले. वजन वाढतं तसे गुण उतरतात, रेषा स्वच्छ आहे. एवढा सुबक आलेख माझ्या हातून कधी निघाला नव्हता.

फोटो सतरा: सरासरी ३.१. चोवीसमध्ये एकविसावा.

आकडा तीनदा तपासला. बेरीज बरोबर आहे. मग जेवण गेलं नाही. सौ.ने विचारलं, बीपीची गोळी घेतली का. घेतली होती. वाईट वाटलं, हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे सांगता येणार नाही. माझी मुलगी हसते आहे त्या फोटोत.

तरी संशोधनाचा उपयोग झालाच पाहिजे. रेषेवरून पाहता ज्ञानदा बासष्ट किलोवर आली तर अपेक्षित गुण ५.४ होतात. उत्तीर्ण. वेळापत्रक केलं: नाश्ता बंद, भात बंद, रात्री अर्धी भाकरी. तिला दिलं. तिने दोन्ही बाजू वाचल्या.

"हे कुणी सांगितलं, नाना?"

"संशोधन."

"बरं," म्हणाली आणि कागद फ्रीजला लावला.

१५ फेब्रुवारी

ज्ञानदा वेळापत्रक पाळते. शिवाय आपण होऊन पहाटे फिरायला जाते, मार्केट यार्डाच्या रस्त्याने. तासाभराने परत येते. येताना प्रसन्न दिसते. व्यायामाचा परिणाम असावा.

आज उपकेंद्रातून पेढे घेऊन आली. कमी वजनाचं जन्मलेलं एक बाळ अडीच किलोवर पोचलं, म्हणून त्याच्या आजीने वाटले. सौ.ने दोन खाल्ले, मी एक. ज्ञानदाने खोका माझ्यापुढे धरला आणि स्वतः न घेता मिटला. त्या वेळी मला काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण आठवलं नाही.

२१ फेब्रुवारी

दहावीची परीक्षा सुरू झाली. हायस्कुलावरून चक्कर मारून आलो. उगाच. फाटकाबाहेर आईबाप उभे होते, मीही थोडा वेळ उभा राहिलो.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज वाईट झालं. जसं झालं तसं लिहितो.

ज्ञानदा पेन शोधायला माझ्या टेबलाशी गेली. रजिस्टर उघडंच होतं. मी आंघोळ करून आलो तेव्हा ती खुर्चीत बसून वाचत होती. फोटोंचा कागद शेजारी उलगडलेला.

"सतरा नंबर मीच ना, नाना?"

"हो."

"तीन पूर्णांक एक."

"ती सरासरी आहे. कुणा एकाचं मत नव्हे."

"ह्यात तुमचे किती?"

"माझे नाहीत. स्वतःच्या पाल्याचा पेपर तपासता येत नाही. बोर्डाचा नियम आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाकीच्या तेवीस जणींना विचारलं होतंत?"

"नावं काढली होती."

"आपल्याकडे कोण कुणाला नाव वाचून ओळखतं, नाना?"

तिने रजिस्टर मिटलं, पेन त्यावर ठेवलं आणि आत जाऊन बॅग भरली. उपकेंद्रामागे तिच्या नावाची क्वार्टर आहे, आजवर रिकामीच होती. जाताना फ्रीजवरचा कागद काढून मला दिला. "तेवढी जागा मोकळी झाली," म्हणाली.

सौ. स्वयंपाकघरात होती. तिने सगळं ऐकलं. संध्याकाळी दोन पानं वाढली आणि स्वतः जेवली नाही.

२ मार्च, रविवार

आठवडा झाला. ज्ञानदा आईचा फोन घेते, माझा घेत नाही. मला तिची फार आठवण येते. सकाळी कप घ्यायला गेलो तर हात खालच्याच फळीवर गेला.

सौ. सात दिवसांनी माझ्याशी बोलली. म्हणाली, "एकतीस वर्सं पोरांचे पेपर तपासले तुमी. घरातल्या पोरीच्या तोंडाकडं एकदा नीट बघितलं असतं तर चाळीस फॉर्म लागले नसते. एक पुरला असता."

"कोणता एक?"

"ते मला इचारू नका. शिकलेले तुमी हाय." मग तिने माळ्यावरची माझी पत्र्याची ट्रंक ओढून काढली आणि म्हणाली, "जुन्या डायऱ्या वाचा तोवर. त्र्याण्णव सालची काढा."

डायरी नंतर. आधी मी बाद फॉर्म काढला. दुपारी तो धरून सगळी सरासरी नव्याने केली. फोटो सतराचे ३.१ चे ३.३ झाले. फरक नगण्य. एका फॉर्मने सगळं बिघडतं असं मी लिहिलं होतं, ते चुकीचं निघालं.

मग शेऱ्याचं अक्षर नीट पाहिलं. शून्याचं शेपूट पाहिलं. जानेवारीपासून काट्यावरच्या वजनांच्या चिठ्ठ्या रामहरीने लिहून दिल्या होत्या, त्या रजिस्टरातच टाचलेल्या आहेत. त्यातल्या ७० मधला शून्य आणि हा शून्य एकच आहे. दहावीला त्याचे पेपर मी वर्षभर तपासले आणि अक्षर महिनाभर ओळखू आलं नाही.

क्रमांक ४१ ची फाईल उघडली. नऊ नकार, नऊ कारणं माझ्याच अक्षरात. "गाव लांब." "शिक्षण जास्त." "मुलगी चांगली आहे, पण नको." सगळ्या तारखा रविवारच्या. रविवारी ज्ञानदाला सुट्टी असते.

मग त्र्याण्णव सालची डायरी वाचली.

३ मार्च

सकाळी मार्केट यार्डात गेलो. रामहरी गोणी काट्यावर चढवत होता. मला बघून त्याने डोक्याचा रुमाल काढला, वर्गात टोपी काढायचा तसा.

"फॉर्म तेवीस तुझा?"

"व्हय, सर."

"सगळ्या फोटोंना गुण द्यायचे अशी स्पष्ट सूचना होती."

"व्हय, सर."

"मग?"

"एकच प्रश्न येत हुता, सर. तेवढाच सोडवला."

शेजारी दोन हमाल गोणीवर बसून ऐकत होते. मी आवाज खाली घेतला. "ज्ञानदाला ठाऊक आहे?"

"फॉर्मचं न्हाई ठाऊक. बाकीचं हाय."

"दोन वर्षं झाली, मला विचारायचं होतंस."

त्याने गोणी उतरवली, काटा झिरोवर आला का ते पाहिलं, मग म्हणाला, "मंडळात नाव घातलं की, सर. अजून कसं इचारायचं? तुमी मला क वर्गात टाकलं, आन् नऊ पोरी दाखवल्या. मला वाटलं, सर नको म्हनतायत."

मला त्याच्या वजनाचं, कमाईचं, गुणांचं सगळं पाठ होतं आणि हे ठाऊक नव्हतं. गोण्यांच्या मधून वाट काढत परत आलो.

७ मार्च

चार दिवस तेवीस घरी फिरलो. प्रत्येकीला तिचा फोटो परत दिला, काय केलं ते सांगितलं आणि माफी मागितली. सतरा घरांत चहा मिळाला. तीन घरांत बोलणी खाल्ली, ती रास्त होती. दोन ठिकाणी मुलीने विचारलं, "मला किती पडले?" सांगितलं नाही, रजिस्टर जाळलं असं सांगितलं. ते खरं आहे. आलेखही जाळला. तेविसाव्या घरी गृहस्थांनी दार लावून घेतलं, तो फोटो उंबऱ्यावर ठेवून आलो.

८ मार्च

उपकेंद्रात गेलो. लसीकरणाचा दिवस, बायकांची रांग. मी रांगेत शेवटी उभा राहिलो. ज्ञानदा बाळाला झोळीत घालून काट्याला टांगत होती. बाळ रडत होतं, ती त्याच्याशी काहीतरी बडबडत आकडा वाचत होती. "तीन दोनशे! आजी, तीन किलो दोनशे!" आजीने पदर डोळ्याला लावला.

माझी पाळी आली तेव्हा बारा वाजले होते. "बसा, नाना," म्हणाली. रागाचं काही नव्हतं आवाजात, प्रेमाचंही नव्हतं.

आधी फॉर्म तेवीस दिला. तिने वाचला. खालचा शेरा दोनदा वाचला असावा, कारण फार वेळ लागला. कान लाल झाले.

"हा तुम्ही बाद केला होता?"

"हो. एकच प्रश्न सोडवला होता."

ती हसली नाही, पण तोंड फिरवून खिडकीकडे बघितलं. मग विचारलं, "आणि तुमचे, नाना? नियम सोडून सांगा."

मी पिशवीतून त्र्याण्णव सालची डायरी काढली आणि खूण घातलेलं पान पुढे केलं. माझंच अक्षर, शाई फिकी झालेली. मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तिनेच वाचलं.

"ज्ञानदा जन्मताना दोन किलो. डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही." त्याखाली दर रविवारची नोंद. वाण्याच्या दुकानातल्या तराजूत मी तिला घेऊन जायचो. "दोन दोनशे." "दोन तीनशे, देवाला नारळ." एका रविवारी "पन्नास ग्रॅम घटलं. सौ.ला सांगितलं नाही. शाळेत लक्ष लागलं नाही." आणि पुढे डिसेंबरात, पानभर मोठ्या अक्षरात: "तीन किलो दोनशे! पूर्ण स्टाफला पेढे. मुख्याध्यापक म्हणाले, भागवत, वेड लागलं का. म्हटलं, हो."

ती ते पान धरून बसली. बाहेर एक बाई "सिस्टर" म्हणून हाक मारत होती, तिला ऐकू गेलं नसावं.

"मी गुण देऊ शकत नाही, ज्ञानदा," मी म्हणालो. "मला तू जास्तच हवी होतीस. तेव्हापासून."

तिने डोळे पुसले, ते गणवेशाच्या बाहीला. मग म्हणाली, "नाश्ता केलाय का तुम्ही?" केला नव्हता. डब्यातले पोहे दोघांनी खाल्ले. तिने निम्म्याहून जास्त खाल्ले, मी मुद्दाम हळू खाल्ले.

३० मार्च, गुढीपाडवा

ज्ञानदा चौदा तारखेलाच घरी आली. आज रामहरी आणि त्याची आई बनुबाई रीतसर आले. कार्यक्रम बारावा. बनुबाईंनी ज्ञानदाला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "पोरगी चांगली भरल्या अंगाची हाय. आमच्या काडीला टेकू पायजेच हुता." सौ. इतकी हसली की ठसका लागला. मी ज्ञानदाकडे पाहिलं, तीही हसत होती.

ठरलं. लग्न मे महिन्यात.

वजनाचा रकाना असलेले फॉर्म अजून नव्वद शिल्लक आहेत. मंडळाच्या शिस्तीप्रमाणे एकशे तेराव्या लग्नाची नोंद त्यावरच करायला बसलो. नाव, जन्मतारीख, उंची लिहून झाली. त्या रकान्याशी थांबलो आणि रामहरीला विचारलं, "त्या दिवशी काट्यावर आकडा काय आला होता? आता सांगायला हरकत नाही."

ज्ञानदा चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली. रामहरीने तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून, वर्गात उभा राहायचा तसा उभा राहिला.

"सर, सांगितलं की. काटा झिरोला नव्हता."

रकान्यात तसंच लिहिलं आणि खाली सही केली.